‘तीच चव’

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, ९७ वं. प्रताप कॉलेजच्या आवारात तीन दिवस मांडव, पुस्तकांचे गाळे, धूळ आणि भाषणं. वहिनीने आपली बोरकुटाची गाडी शाळेच्या फाटकापासून ढकलत नेऊन त्या रस्त्याला लावली होती. मी नाशिकहून संमेलनासाठी म्हणून आलो होतो, पण तिन्ही दिवस बराचसा वेळ गाडीमागच्या स्टुलावरच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. सत्तरीचे असतील, गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला, खांद्यावर पुस्तकांनी फुगलेली पिशवी. त्यांनी बोरकुटाची पुडी घेतली, तिथेच उभं राहून चिमूटभर जिभेवर टाकलं आणि डोळे मिटले.

"तीच चव! शाळेत असताना याच गाडीवर खायचो आम्ही. काही म्हणजे काही बदललं नाही."

"हो ना काका," वहिनी म्हणाली. माझ्याकडे तिने मुद्दामच बघितलं नाही, नाहीतर दोघंही हसलो असतो.

त्या पुडीतलं कूट सुकवून कुटलेल्या उमराण जातीच्या बोरांचं होतं. त्यात मीठ, दळलेली साखर, लिंबूसत्त्व, भाजलेलं जिरं आणि वहिनीचा स्वतःचा मसाला होता. काकांनी शाळेत असताना जे खाल्लं, त्यात यातलं मीठ सोडून काहीसुद्धा नव्हतं. आणि ते शाळेत होते तेव्हा गाडीही नव्हती, पाटी होती. पण दहा रुपये देऊन डोळे मिटलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

संमेलनावरून आठवलं. धंदा कधी सुरू झाला यावर आमच्या घरात आजतागायत एकमत नाही. नाना, म्हणजे माझे वडील, सांगतात की १९५२ साली. त्या वर्षीही संमेलन अमळनेरलाच होतं, कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी अध्यक्ष होते, आणि आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, म्हणे मांडवाबाहेर बसून विक्री केली. आबांचे धाकटे भाऊ तात्या याला साफ थाप म्हणायचे. त्यांच्या मते सुरुवात नव्या पैशांच्या साली, म्हणजे १९५७ ला. आणि माझी आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणायचो, ती दोघांनाही उडवून लावायची. "दुष्काळना साले," एवढंच म्हणायची, आणि खानदेशात दुष्काळाचं साल म्हटलं की ते ७२ असतं, वेगळं सांगावं लागत नाही.

मी बरीच वर्षं यातलं खरं कोणतं ते शोधत होतो. मग लक्षात आलं की तिघंही खरंच बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या धंद्यांबद्दल. आबा मिलमध्ये बदली कामगार होते. भोंगा झाला की फाटकाशी जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर पाळी, नाही तर घरी. नाव न पुकारल्याच्या दिवशी ते तिथेच फुटाणे-शेंगदाण्यांची पाटी घेऊन बसत. संमेलनात विकले ते फुटाणे. तात्यांच्या सालात त्या पाटीत बोरं आली. आणि दुष्काळाच्या साली, मोठी माय खडी फोडायला जात होती तेव्हा, तिने साठवलेल्या मजुरीतून जुनी चार चाकं घेतली आणि त्यावर सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या. तिच्या लेखी धंदा म्हणजे गाडी. पाटी उचलून कोणीही पळेल, गाडी लावायला जागा लागते, आणि जागेसाठी भांडावं लागतं. ती भांडणं तिने केली होती, त्यामुळे साल ठरवण्याचा हक्क तिचाच.

कागद म्हणाल तर एकही नाही. पुरावा आहे तो लोखंडाचा, एक अच्छेर आणि एक छटाक. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, आजच्या हिशेबात ५८ ग्रॅमच्या आसपास. साठच्या दशकात किलो-ग्रॅम आले तेव्हा ही वजनं तराजूतून उतरली, पण घराबाहेर गेली नाहीत. अच्छेर दाराला अटकाव म्हणून असतं. छटाक अजून गाडीवर आहे. फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर ठेवतात. हाताळून हाताळून त्याच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्यात की ते लोखंड आहे की काळं साबण, असं वाटावं.

नव्या पैशांचा घोळ मात्र तात्यांकडून ऐकावा असा होता. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर झाले. चार आण्यांचे पंचवीस हा हिशेब सरळ, पण एका आण्याचे सव्वासहा. आता हा पाव पैसा कोणी सोडायचा? आण्याची पुडी सहा पैशांना द्यावी तर धंद्याला खोट, सात घ्यावे तर पोरं ओरडणार. आबांनी तोडगा काढला. सहा पैसे घ्यायचे आणि पुडीतलं चिमूटभर बोरकूट परत डब्यात टाकायचं, गिऱ्हाइकाच्या देखत. "सरकारनी चिमूट," म्हणायचे, म्हणजे सरकारची. ही चिमूट परत टाकायची लकब नानांच्या हातातही उतरली होती, मी पाहिली आहे. तोवर आणा जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. चिमूट आपली चालूच.

बोरं आली ती मोठ्या मायच्या माहेराहून. तिचं माहेर जळगावजवळचं मेहरूण. आता ‘जवळचं’ म्हणायची सोय नाही, ते शहराच्या पोटात गेलं. मेहरूणची बोरं ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांना कसं सांगावं? लहानसं, लांबट, टोकाला निमुळतं. साल पातळ. पिवळं असताना खाल्लं तर आंबटगोड, आणि तांबूस होऊन अंगावर सुरकुती आली की गोड, पण त्या गोडाच्या मागून येणारी एक हलकी आंबट कड सुटत नाही. डिसेंबर-जानेवारीत हंगाम. फळसंशोधकांच्या यादीतसुद्धा उमराण, कडाका या वाणांच्या बरोबरीने ‘मेहरूण’ हे गावाचंच नाव वाणाला आहे. संक्रांतीला नानांचे मामा पोतं घेऊन यायचे, भुसावळ-सुरत पॅसेंजरने. पोतं फलाटावर उतरलं की आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही कळायचं, इतका त्याचा वास.

ओली बोरं पाटीवर पंधरा दिवस विकली जायची, पण खरा धंदा सुक्या बोरांचा. आणि इथे आमच्या हवेने हात दिला. खानदेशच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, मीही देतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की पेपरात फोटो येतात. पण आमच्या घरात उन्हाला शिवी दिलेली मोठ्या मायला चालत नसे. ज्या मालाला भट्टी लागत नाही, लाकूड लागत नाही, त्याचा सगळा खर्च सूर्य करतो, असा तिचा सरळ व्यवहार होता.

तिची पद्धत मी सांगतो, कारण नंतर कोणी ती पूर्ण केलेली मी पाहिली नाही. बोरं आधी पाण्यात टाकायची. तरंगेल ते अळीचं, ते काढून शेळीला. बुडालेली जुन्या लुगड्यांवर गच्चीत पसरायची. रोज एकदा हात फिरवायचा, म्हणजे खालची बाजू वर. रात्री दंव पडतं म्हणून लुगड्याची चारी टोकं आत दुमडून गाठोडं करायचं आणि सकाळी ऊन अंगणात उतरल्यावरच सोडायचं. असं पंधरा-वीस दिवस. मग वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत, मधे मधे कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून, ती बोरं झाकून ठेवायची आणि विसरून जायची.

(वनस्पतीचे डबे म्हटल्यावर अमळनेरच्या माणसाला थांबवत नाही. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. गावात कोणाकडे त्याचे किती शेअर होते, कोणी विकले आणि कोण अजून कपाळ बडवतंय, या गोष्टी आमच्याकडे भुताखेतांच्या गोष्टींसारख्या सांगतात. काहींच्या घरी शेअर आले. आमच्या घरी डबे आले. डबे चांगले होते.)

चैत्र लागला की डबे उघडायचे. बोरं पुन्हा दोन दिवस कडक उन्हात. आता ती अगदी आखडून जातात आणि आत बी सुटते. मूठभर उचलून कानाशी हलवली की खुळखुळ वाजतात. तो आवाज आला की कुटायचं, आणि तेही भर दुपारी, बोरं हाताला चटका देत असतानाच. सगळी गल्ली दार लावून झोपलेली असायची आणि आमच्या अंगणात मुसळाचा आवाज. "आते कूट, नई तं संध्याकाळले दात मोडशी," असं ती मला म्हणायची. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. ऊन उतरलं की गर हवेतला ओलावा धरतो, चिवट होतो, मुसळाला चिकटतो. दुपारी मात्र एका घावात त्याचा भुगा होतो.

पण घाव मोजून घालायचा. बी फुटता कामा नये. बी फुटली की तिची कपची कुटात जाते, दाताखाली येते, आणि आतला दाणा तेलकट असतो, त्याने कूट लवकर खवट होतं. म्हणून मुसळ उचलायचं आणि नुसतं सोडायचं, दाबायचं नाही. मला हे कधी जमलं नाही. माझ्या हातून दर पाच-सात घावांना एक ‘टक’ असा आवाज यायचा आणि मोठी माय दुसऱ्या खोलीतून ओरडायची. तिला ऐकू कमी यायचं, पण तो टक बरोबर ऐकू यायचा.

मग चाळण. पिठाच्या चाळणीतून पडेल ते बारीक, ते पहिल्या डब्यात. वर राहिलेली साल आणि जाड गर पुन्हा उन्हात, पुन्हा उखळात. दुसऱ्या खेपेचं कूट काळपट असतं, ते चिंचेच्या गोळ्यांत मळायचं. बिया चुलीत. दहा किलो ओल्या बोरांमागे हातात येतं सव्वा-दीड किलो कूट, आणि तेही वर्ष चांगलं असेल तर. त्यात किसलेला गूळ आणि मीठ. बस. त्याचा रंग विटकरी असायचा आणि चव... ती मला आता नीट आठवत नाही, हे कबूल केलेलं बरं. आठवतं ते असं की जिभेवर टाकल्यावर आधी काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम जबड्याच्या मागे पाणी सुटायचं.

चैत्रातल्या या कुटाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे यात्रा. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. वाळूत गाडीची चाकं रुततात म्हणून खाली फळ्या टाकायच्या. पाळणे, भांडी, बांगड्या, आणि रात्री गॅसबत्त्यांच्या उजेडात आमचे तीन डबे. यात्रेचे ते दिवस आणि शाळेचे उरलेले आठ-नऊ महिने, यावर घर चालायचं. आवळासुपारी होती, मीठ लावलेल्या आमचुराच्या फोडी असायच्या, सातपुड्याकडून नंदुरबारच्या बाजाराला येणाऱ्या. पण ते सगळं बोरकुटाच्या आधाराने.

चव पहिल्यांदा बदलली ती नानांनी. गुळाचं कूट पावसाळ्यात गोळा होतं, आणि शाळा सुरू होते जूनमध्ये. आबांच्या काळी पावसाळ्यात धंदा बंद असायचा, मिल होती. नाना मिलमध्ये गेले नाहीत, त्यांना बारा महिने गाडी हवी होती. त्यांनी गूळ काढून दळलेली साखर घातली. मोठी माय आठ दिवस बोलली नाही म्हणतात. पण जुलैतही कूट चमच्यातून मोकळं पडायला लागलं, आणि पोरांना साखर जास्त आवडली. रंगही उजळला. आज जे लोक ‘लहानपणीचं बोरकूट’ म्हणून हळहळतात त्यांच्यातले निम्मे तरी या साखरेच्या कुटावर वाढलेले आहेत. मोठ्या मायच्या लेखी ते कूटच नव्हतं.

मी त्याच काळातला. मी शिकलो ती शाळा आणि आमची गाडी यांच्यात फक्त एक फाटक होतं. पाचवीत असताना मी वर्गाचा मॉनिटर होतो. एकदा प्रार्थनेनंतर गुरुजींनी सांगितलं, गाडीवरचं उघडं खाऊन मुलांना खोकला होतो, मधल्या सुट्टीत कोण कोण खातं त्याची यादी करून आण. माझ्या वडिलांची गाडी आहे हे त्यांना माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलं, ते मला आजही कळलेलं नाही. मी यादी केली. फाटकाच्या आतून, खांबाआड उभं राहून, इमानेइतबारे सतरा नावं लिहिली. पहिलं नाव माझ्या चुलतभावाचं होतं, तो तर फुकटच खायचा.

ती यादी रात्री दप्तरातून पडली आणि नानांच्या हाती लागली. मी भिंतीला टेकून उभा. नानांनी ती कंदिलाजवळ धरून दोनदा वाचली. मग कानामागची पेन्सिल काढून सहा नावांपुढे टिंबं केली.

"हे सहा जण उधारीवाले आहेत," म्हणाले. "उद्या यांना आठवण दे."

यादी सकाळी मी गुरुजींना दिली, टिंबांसकट. त्यांनी टिंबं कसली म्हणून विचारलं. मी म्हणालो, हे जास्त खातात. त्या सहा जणांना उठाबशा काढाव्या लागल्या. त्यातला एक आता आमच्याच गल्लीत राहतो आणि हा हिशेब अजून मागतो.

दुसरा बदल आमच्या हातात नव्हता. जळगाव वाढत गेलं तशी मेहरूणच्या शिवारात प्लॉट पडत गेले. मामांनी नव्वदच्या दशकात बोरांचा तुकडा विकला. त्यांनी चूक केली असं मला वाटत नाही. बोराची चार झाडं मुलीचं लग्न करत नाहीत, प्लॉट करतात. शेवटचं पोतं आलं त्या वर्षी मोठ्या मायने ते तीन दिवस विकायला काढलंच नाही. त्याच सुमारास बाजारात उमराण यायला लागलं होतं. १९९० पासून राज्याने रोजगार हमीतून फळबागांना अनुदान दिलं, कोरडवाहूवाल्यांनी बोरं लावली, आणि गावठी खुंटावर कलमं करून उमराणच्या बागा उभ्या राहिल्या. मोठं, चकचकीत, भरपूर गराचं, दूरच्या बाजाराला टिकणारं फळ. वजनाने विकायला सोन्यासारखं. पण सुकवून कुटलं की नुसतं गोड. ती आंबट कड नाहीच.

नानांनी महिनाभर डोकं लावलं. चिंचेचं पाणी शिंपडून पाहिलं, कूट काळं पडलं. आमचूर घालून पाहिलं, वास आमचुराचा. शेवटी किराणा दुकानातून पाच रुपयांचं लिंबूसत्त्व आणलं, पांढरे खडे, कुटून चिमूटभर मिसळले. तिसरी चव. हे त्यांनी घरातही बोलून दाखवलं नाही. मोठ्या मायने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि "याले फटाक्याना वास येस" म्हणाली. मला तो वास कधी आला नाही. पण त्यानंतर तिने गाडीवरचं कूट खाल्लं नाही. घरासाठी ती बाजारातून कुठून कुठून गावठी बोरं मिळवून मूठभर वेगळं करायची.

ते शेवटचं, २०१४ च्या फाल्गुनात. त्या वर्षी राज्यभर गारपीट झाली, आमच्याकडे हरभरा-गहू आडवा झाला. शेतकऱ्यांच्या नुकसानीपुढे गच्चीवरच्या सहा लुगड्यांची काय कथा? पण आमच्यापुरतं सांगतो. बोरं वाळत आली होती. दुपारी आभाळ आलं तेव्हा घरात फक्त मोठी माय होती, आणि जिना चढणं तिला जमत नव्हतं. गारा थांबल्यावर नाना आले. लुगडी पाण्यात तरंगत होती, बोरं फुगून पुन्हा ओल्यासारखी दिसत होती. परत वाळवून पाहिलं, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. वरून पुसून, कुटून, साखर-लिंबूसत्त्वात कोणाला कळलंही नसतं. एका व्यापाऱ्याने तसं सुचवलंही. मोठ्या मायने सगळं उकिरड्यावर टाकायला लावलं. पुढच्या वर्षी ती गेली.

बारीकसारीक गोष्टी बदलत होत्याच, त्या पटकन सांगून टाकतो. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचं नाणं बंद झालं, तोवर ते गाडीवर तसंही कोणी घेत नव्हतं. २०१६ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं. आमच्या पुड्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या रद्दीच्या असायच्या, पोरं खाऊन झाल्यावर मार्क वाचायची. ते थांबलं. प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आणल्या, तर २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी. मग कोऱ्या कागदाचे शंकू. नानांचे गुडघे गेले. दादा सुरतेला कामाला होता आणि तिथून परत यायचा त्याचा विचार नव्हता. गाडी बंद करायची असं जवळजवळ ठरलंच होतं. वहिनी म्हणाली, मी उभी राहते. नानांना ते आवडलं नाही, असं मी स्पष्ट लिहितो. सासूने उभं राहिलेलं चालतं, सुनेने नाही, हा कुठला हिशेब?

आणि दोन वर्षांत मार्च २०२० आला. शाळेच्या फाटकावरच्या गाडीला शाळा बंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आठवीपासूनचे वर्ग आमच्याकडे ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. दीड वर्ष. या दीड वर्षात वहिनीने जे केलं ते आबा-नानांपैकी कोणाला सुचलं नसतं. शंभर रुपये भरून अन्न परवान्याची नोंदणी केली. फेरीवाल्यांसाठीचं दहा हजारांचं स्वनिधी कर्ज काढून पाकिटं बंद करायचं यंत्र आणि एक मोठा मिक्सर घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर बायकांच्या गटात संक्रांतीच्या आधी बोरनहाणाचे संच विकले, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, आणि सोबत बोरकुटाचं पाकीट भेट. मुलांना एकटं घरात बसवून कंटाळलेल्या आयांनी ते उचललं.

तेव्हाच तिने कुटात जिरं आणि आपला मसाला घातला. काळं मीठ, थोडी सुंठ, किंचित लाल मिरची, बाकीचं ती मलाही सांगत नाही. चौथी चव. मिक्सर मात्र फसला. त्यात बिया फुटतात आणि कूट कचकचतं. त्यामुळे मोठ्या मायचं उखळ अजून अंगणात आहे. लोक त्याचे फोटो काढतात, ‘परंपरा जपलीत’ म्हणतात. ते बीमुळे टिकलंय.

‘अ‍ॅपल बोर’ नावाचं ते हिरवं, सफरचंदाएवढं फळ आलं तेव्हा तेही तिने सुकवून पाहिलं. सगळं पाणी. पंधरा दिवसांनी चामड्याच्या चकत्या हातात आल्या, त्यांवर मुसळ उडायचं.

संमेलनातल्या त्या काकांनंतर मला एक खूळ लागलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी जळगावला मुद्दाम उतरलो आणि बाजारात विचारत विचारत मेहरूण बोरं मिळवली. मिळतात, पण शोधावी लागतात, आणि भाव ऐकून विचारात पडावं लागतं. बारा किलो घेतली. वहिनी हसली, पण गच्ची दिली. पाण्यात टाकली, तरंगलेली काढली, जुन्या साड्यांवर पसरली, कारण लुगडी आता घरात नाहीत. रात्री दुमडायचं काम नानांनी केलं. चैत्रात मी पुन्हा आलो. दुपारी दोन वाजता कुटायला बसलो. दर पाच-सात घावांना एक टक.

गूळ आणि मीठ, बस. विटकरी रंग. नानांनी चाखलं आणि बराच वेळ नुसते जीभ फिरवत बसले. काय वाटलं ते मी विचारलं नाही.

वैशाखात यात्रेला गाडी पात्रात लागली तेव्हा मी वहिनीच्या डब्यांशेजारी माझा डबा ठेवला. पहिल्या संध्याकाळी बरेच जण आले, सगळ्यांना वहिनीचं हवं होतं. मग नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला मी माझ्या डब्यातली पुडी दिली. तो चार पावलं गेला, थांबला, पुडीत बघितलं आणि परत आला.

"काकू, यात मसाला नही टाका का?"

वहिनीने त्याची पुडी घेतली, वरून आपला मसाला भुरभुरला, बोटाने हलवली आणि परत दिली. देताना चिमूटभर कूट तिने डब्यात टाकलं. आबांची चिमूट, आणि तिने तर आबांना पाहिलेलंही नाही. फक्त ती तिने माझ्या डब्यात न टाकता स्वतःच्या डब्यात टाकली.

माझा डबा मी नाशिकला घेऊन आलो. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. जुलैत त्याचा गोळा झाला. आता चमच्याने फोडून खावं लागतं.